पावती छापली, पण नोंद डिस्कवर पोचली का? : कर्नलमधल्या डर्टी पेजेसचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावर लिनक्सचा संगणक आहे. भरल्या गाडीचं आणि मग रिकाम्या गाडीचं वजन झालं की पायथनमधला प्रोग्रॅम फाइलमध्ये एक ओळ लिहितो आणि पावती छापतो. यूपीएसची बॅटरी दमलेली. लाइट गेली की शेवटच्या काही गाड्यांच्या नोंदी गायब, पावत्या मात्र ट्रॅक्टरवाल्यांच्या खिशात. एकदा तर सेटिंगची फाइलच शून्य बाइटची होऊन बसली. शिवाय रात्री बॅकअप चालू असला की काट्याचा स्क्रीन पाच-दहा सेकंद गोठतो आणि गाड्यांची रांग फाटकापर्यंत जाते. विचारणाऱ्याचं म्हणणं असं, की बदललेल्या पेजवर (मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्यावर) प्रोसेसर स्वतःच ‘डर्टी’, म्हणजे ‘बदललंय, डिस्कवर जायचंय’ असा बिट लावतो. म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, सगळं ठाऊक असतं. मग ते लगेच का लिहीत नाही? आणि डर्टी रेशो (मेमरीच्या किती टक्क्यांपर्यंत डर्टी पेजेस साठू द्यायची ती मर्यादा) शून्यावर आणला तर भागेल का?

नाही भागणार. तुमचे आजार दोन आहेत: नोंद हरवणं आणि स्क्रीन गोठणं. रेशोचा संबंध दुसऱ्याशी आहे. पहिल्यासाठी तो कितीही खाली आणा, फाइलमध्ये लिहिण्याचा कॉल ‘झालं’ म्हणून परततो तेव्हा तुमची ओळ डिस्कवर असेलच याची हमी मिळत नाही. सेटिंगा फिरवून नोंदी वाचवायचा प्रयत्न मी बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. त्यात फक्त हरवण्याची शक्यता कमी होते, आणि कमी झालेली शक्यता जास्त त्रास देते, कारण मग ती भर हंगामात, मोठ्या साहेबांसमोरच उगवते.

आता कर्नलला कळतं कसं ते बघू. प्रोसेसरचा बिट खरा आहे. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर, पेज टेबलाच्या (प्रोग्रॅमचा कुठला पत्ता मेमरीत कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्याच्या) नोंदीत सहाव्या क्रमांकाचा बिट त्यासाठीच राखलेला आहे; त्या पत्त्यावर कुणी लिहिलं की प्रोसेसर तो लावतो. पण तुमच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत या बिटाचा काही संबंधच येत नाही. तुम्ही राइट कॉल करता तेव्हा कर्नल तुमच्या बफरमधले बाइट उचलून पेज कॅशमधल्या (फाइलींचा मजकूर मेमरीत ठेवायच्या जागेतल्या) ४ केबीच्या पेजमध्ये स्वतः उतरवतं, आणि तेही स्वतःच्या पत्त्यांवरून. तुमच्या प्रोसेसच्या पेज टेबलात ते फाइलचं पेज नसतंच. त्यामुळे बिट तपासायची गरज पडत नाही. बदल कर्नलनेच केलाय, नोंदही तेच करतं.

ही नोंद एका जागी नसते. पहिली खूण त्या पेजवर. दुसरी त्या फाइलच्या निर्देशांकात. फाइलची कॅशमधली पेजेस एका झाडासारख्या रचनेत असतात, कर्नलच्या ४.२० आवृत्तीपासून तिला एक्सअ‍ॅरे म्हणतात, आधी तिथे रेडिक्स ट्री होती. झाडाच्या एका गाठीत साधारणपणे ६४ घरं असतात. पेजच्या घरावर डर्टी खूण पडली की तीच खूण वरच्या गाठीवर, तिच्या वरच्या गाठीवर अशी मुळापर्यंत चढते. एखाद्या फाइलची लाखभर पेजेस मेमरीत आहेत आणि त्यातली फक्त तीन बदललेली आहेत, तर कर्नल लाख पेजेस चाळत बसत नाही. खूण नसलेल्या फांद्या सोडून थेट त्या तिघांपाशी जातं. ‘आत्ता डिस्ककडे जात आहे’ यासाठी वेगळी खूण असते. ‘या फेरीत लिहायचं आहे’ यासाठी तिसरी असते; ती नसती तर एकीकडे सिंक (साठलेलं सगळं डिस्कवर उतरवणं) चालू असताना दुसरीकडे कुणी सतत लिहीत राहिल्यावर सिंक संपलंच नसतं. त्यावर तिसरी नोंद: ती फाइल त्या डिस्कच्या डर्टी फाइलींच्या यादीत जाते, पहिल्यांदा कधी मळली त्या वेळेसकट. आणि चौथी, एकूण किती पेजेस डर्टी आहेत याचे मोजणीचे आकडे. तुम्ही प्रोक मधल्या मेमइन्फो फाइलीत ‘डर्टी’ आणि ‘रायटबॅक’ (डिस्ककडे निघालेली पेजेस) बघता ते हेच.

प्रोसेसरच्या बिटाची खरी गोष्ट सुरू होते ती फाइल एममॅप करून, म्हणजे थेट स्वतःच्या मेमरीत जोडून घेऊन, वापरणाऱ्या प्रोग्रॅमांत. तिथे प्रोग्रॅम साध्या मेमरीसारखं लिहितो, कर्नलला कुणी हाक मारत नाही. प्रोसेसर बिट लावतो खरा, पण गुपचूप. एकच पेज दहा प्रोसेसनी मॅप केलेलं असेल तर दहापैकी कुठल्याही टेबलात तो लागलेला असू शकतो. २.६.१८ पर्यंत कर्नलला हे उशिरा कळायचं: मॅपिंग सोडलं, एमसिंक (मॅप केलेलं डिस्कवर उतरवायचा कॉल) केलं किंवा मेमरीची तंगी होऊन पेज काढायची वेळ आली की मग. तोवर ‘डर्टी’ आकडा थोडासाच दिसायचा आणि प्रत्यक्षात अर्धी मेमरी न लिहिलेल्या पेजेसनी भरलेली असायची.

२००६ साली आलेल्या २.६.१९ मध्ये यावर जो तोडगा काढला, तो मला या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात देखणा भाग वाटतो. कर्नल शेअर केलेलं फाइलचं पेज मॅप करतं, पण लिहायची परवानगी काढून. प्रोग्रॅमने पहिल्यांदा लिहिलं की प्रोसेसर अडतो, पेज फॉल्ट येतो आणि हुकूम कर्नलच्या हातात. कर्नल फाइल सिस्टिमला विचारतं, ‘याला जागा आहे का?’ असेल तर वर सांगितलेल्या सगळ्या खुणा करतं आणि मग परवानगी देतं. डिस्क भरलेली असेल तर प्रोग्रॅमला तिथल्या तिथे सिग्नल जातो. पुढची हजार लिखाणं बिनअडथळा, पूर्ण वेगाने. खर्च फक्त पहिल्याच वेळी.

मग ते पेज डिस्ककडे पाठवायची वेळ येते, आणि इथे क्रम चुकला तर डेटा मातीत जातो. आधी कर्नल उलट्या नकाशावरून, म्हणजे ‘हे पेज कुणाकुणाच्या टेबलात आहे’ या माहितीवरून, सगळ्या टेबलांत जाऊन डर्टी बिट पुसतं आणि परवानगी परत काढून घेतं. पेजवरची डर्टी खूण उतरवतं. मग ‘रायटबॅक चालू’ अशी खूण लावून पेज डिस्ककडे सोडतं. खूण आधी उतरवायची, पाठवायचं नंतर. उलटं केलं, म्हणजे आधी पाठवलं आणि लिहून झाल्यावर खूण पुसली, तर मधल्या काळात कुणी केलेला बदल डिस्कवर गेलेला नसतो आणि त्याची खूणही पुसली जाते. तो बदल मग कुणाच्याच हिशेबात राहत नाही. आधी उतरवली तर मधला बदल नवा फॉल्ट आणतो, पेज पुन्हा डर्टी होतं आणि पुढच्या फेरीत जातं. फार तर दोनदा लिहिलं जातं, हरवत काही नाही.

यात टीएलबीचा काटा आहे. प्रोसेसर पेज टेबलातली नोंद स्वतःच्या टीएलबीत जपून ठेवतो, ‘हे आधीच डर्टी आहे’ हेही त्यात आलं. मेमरीतल्या टेबलातला बिट पुसला पण टीएलबी साफ केला नाही, तर पुढच्या लिखाणाच्या वेळी प्रोसेसर जुन्या माहितीवर विसंबतो, बिट पुन्हा लावतच नाही. म्हणून बिट पुसला की सगळ्या कोअरवरचा टीएलबीही झटकावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. इतकं करूनही डिसेंबर २००६ मध्ये २.६.१९ वापरणाऱ्यांच्या फाइलींचे तुकडे खराब होऊ लागले. शर्यत, म्हणजे दोन कामं एकाच वेळी घडून क्रम चुकण्याची खोट, जुनीच होती, नव्या रचनेत ती सहज गाठायला लागली एवढंच. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तिचा बंदोबस्त केला. या भागात हात घालणाऱ्याला क्रम बदलण्याआधी दहादा विचार करायला सांगतात ते उगाच नाही.

आता लिहितं कोण आणि कधी. जुन्या कर्नलमध्ये पीडीफ्लश नावाचे मोजके धागे सगळ्या डिस्कांसाठी मिळून असत. एक डिस्क संथ निघाली की सगळे तिच्याच दारात अडकत. २००९ मध्ये २.६.३२ पासून प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा फ्लशर, म्हणजे डर्टी पेजेस डिस्कवर उतरवणारा धागा, मिळाला, आणि ३.१० पासून ते काम केवर्कर या कर्नलच्या सामाईक धाग्यांकडे आहे. टॉप या कमांडमध्ये नावात ‘फ्लश’ असलेला केवर्कर दिसला तर तो हाच.

नेहमीच्या सेटिंगला फ्लशर दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनं झालेलं लिहायला घेतो. जुनं म्हणजे काय, यात मेख आहे. वय पेजचं नाही, फाइलचं मोजलं जातं. ती शेवटची स्वच्छ झाल्यावर पहिल्यांदा कधी मळली तिथपासून. तुमच्या काट्याच्या फाइलवर सतत लिखाण चालू असतं. म्हणजे साधारण ३० ते ३५ सेकंदांनी ती एकदम साफ होते आणि पुन्हा भरू लागते. फाइल साफ झाल्या झाल्या लाइट गेली तर काहीच जात नाही, साफ होण्याच्या जरा आधी गेली तर अर्ध्या मिनिटाचं सगळं जातं. कधी एक गाडी गायब आणि कधी तीन, असं का होतं त्याचं उत्तर एवढंच. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची आधी लिहायची वही) ५ सेकंदांनी पक्कं होतं हे बरोबर आहे, पण ते फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या माहितीसाठी. तुमच्या ओळीला डिस्कवरची जागाच उशिरा दिली जाते, ते लिखाण फ्लशरची वाट बघत बसतं.

लगेच का लिहीत नाही, तर मोंढ्यातल्या आडतीवर मुनीम प्रत्येक पोत्यागणिक खतावणी उघडत नाही, कच्च्या चिठ्ठीवर टिपतो आणि संध्याकाळी एकदम चढवतो, त्याच कारणाने. एका पेजवर शंभर बदल झाले तरी डिस्कवर एकदाच जातं, आणि तात्पुरती फाइल लिहून लगेच पुसली तर कदाचित जातच नाही. बहुतेक प्रोग्रॅमांना हे सोयीचं आहे. ज्याला सोयीचं नाही त्याने कर्नलला तसं सांगायचं असतं, आणि सांगायची पद्धत म्हणजे एफसिंक.

तुम्ही म्हणाल, फ्लश तर केलंय. पायथनचं फ्लश फक्त पायथनच्या बफरमधून कर्नलच्या पेज कॅशमध्ये ढकलतं. त्याने पेज डर्टी होतं, डिस्कवर जात नाही. फ्लशनंतर ओएस मॉड्यूलमधलं एफसिंक त्या फाइलच्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलच्या क्रमांकावर) बोलवा. ते त्या फाइलची सगळी डर्टी पेजेस पाठवतं, पोचेपर्यंत थांबतं, फाइलची लांबी वगैरे माहिती जर्नलात पक्की करतं आणि शेवटी डिस्कला तिची स्वतःची कॅश रिकामी करायचा हुकूम देतं. ते परतल्यावरच पावती छापा, आधी नाही. फाइल नवीन बनवली असेल तर ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरवरही एकदा एफसिंक लागतं.

‘याने काटा मंद होईल’ ही भीती दरवेळी ऐकू येते. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा घ्यायला ८.३ मिलिसेकंद लागतात. एका एफसिंकला असे दोन-चार फेरे धरा. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन काट्यावर चढायला किती वेळ घेतो ते तुम्हीच जाणता. सेकंदाला हजार व्यवहार करणाऱ्या बँकेची काळजी ऊसकाट्याने करू नये.

शून्य बाइटच्या फाइलचं कारणही याच्यातच आहे. सेटिंग फाइल लिहिण्याच्या मोडमध्ये उघडली की आधी ती रिकामी होते; ती रिकामी झाल्याची माहिती जर्नलातून लवकर पक्की होते, नवा मजकूर मागे राहतो. मध्ये लाइट गेली की रिकामी फाइल तेवढी उरते. २००९ मध्ये ईएक्सटी४ नवं असताना यावरून बराच गदारोळ झाला आणि २.६.३० पासून फाइल सिस्टिम अशा प्रसंगी मजकूर लवकर ढकलायचा प्रयत्न करते. पण तो प्रयत्न आहे, वचन नव्हे. बाजूला तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा, मग रीनेम करून जुन्यावर बसवा, मग फोल्डरचं एफसिंक. लाइट कुठल्याही क्षणी गेली तरी जुनी पूर्ण फाइल नाहीतर नवी पूर्ण फाइल मिळते.

एफसिंकने एरर दिला तर? इथे भलेभले फसलेत. डिस्कवर लिहिताना चूक आली तरी लिनक्स बहुतेक वेळा ते पेज स्वच्छ म्हणूनच खुणावतं, नाहीतर उपटलेल्या यूएसबीची पेजेस कायमची मेमरी अडवून बसतील. म्हणून पहिला एफसिंक चूक सांगतो आणि लगेच केलेला दुसरा ‘सगळं ठीक’ म्हणतो, तर डेटा डिस्कवर नसतोच. ४.१३ पासून चूक कळवण्याची पद्धत बरीच पक्की झाली, तरी पेज स्वच्छ करण्याचा प्रकार राहिलाच. पोस्टग्रेएसक्यूएलच्या लोकांना २०१८ मध्ये हे ध्यानात आलं आणि पुढच्या वर्षीपासून त्यांचा डेटाबेस एफसिंक चुकला की सरळ बंद पडतो आणि लॉगवरून पुन्हा उभा राहतो. तुम्ही पुन्हा-पुन्हा प्रयत्न करू नका. पावती थांबवा, स्क्रीनवर लाल पट्टी दाखवा, तीच ओळ दुसऱ्या डिस्कवर लिहा. नाहीतर फाइलींचा खटाटोप सोडून एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. त्याचं सिंक्रोनस सेटिंग मुळात ‘फुल’ असतं, तेवढं वेग वाढवण्याच्या नादात खाली आणू नका.

आता गोठण्याकडे येतो. डर्टी पेजेस मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की फ्लशर मागे लिहायला लागतो. २० टक्के ही कमाल मर्यादा. टक्के एकूण मेमरीचे नसून मोकळ्या आणि फाइल कॅशच्या मेमरीचे. या दोन आकड्यांच्या साधारण मध्यावर पोचलं की कर्नल लिहिणाऱ्या प्रोसेसलाच झोपवू लागतं, एका वेळी जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद, म्हणजे मेमरी भरण्याचा वेग डिस्कच्या वेगाशी जुळतो. ३.२ पासून हे असं आहे. आधी लिहिणाऱ्यालाच फ्लशरच्या कामाला जुंपायचे आणि डिस्कचं डोकं सैरावैरा पळायचं.

तुमच्या मशिनवर १६ जीबी आहेत. म्हणजे तीन जीबीच्या आसपास बॅकअपचा मजकूर मेमरीत साठू शकतो. यूएसबी डिस्क सेकंदाला ३० एमबी खात असेल तर तो उपसायला शंभर सेकंद. त्यात तुमचा बॅकअप आधी त्याच आतल्या डिस्कवर झिप बनवतो. काट्याची फाइल आणि ती झिप एकाच फाइल सिस्टिमवर, म्हणजे जर्नलही एकच. काट्याच्या एका ओळीचं जर्नल पक्कं व्हायचं तर त्याच व्यवहारात अडकलेला झिपचा डेटाही आधी उतरावा लागतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो: एफसिंक लावल्यावर हे गोठणं वाढलेलं वाटेल. घाबरून एफसिंक काढू नका.

रेशोऐवजी बाइटमध्ये मर्यादा द्या. डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ६४ एमबी, डर्टी बाइट्स २५६ एमबी. बाइट दिले की टक्के आपोआप शून्य दिसतात, ते बरोबरच आहे. मोठ्या मेमरीवर टक्क्यांचा हिशेब जुना झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. टक्क्यांची ही पद्धत आली तेव्हा मेमरी एमबीत मोजायचे. बॅकअप नेणाऱ्या आरसिंक कमांडला वेगाची मर्यादा घाला. काट्याच्या डेटाला वेगळं पार्टिशन द्या. दर सेकंदाला मेमइन्फो बघत बसलात तर फरक कळेल: ‘डर्टी’ मोठा आणि ‘रायटबॅक’ शून्याजवळ, म्हणजे अजून कुणाला घाई नाही, ‘रायटबॅक’ सतत मोठा, म्हणजे डिस्कच पुरी पडत नाही.

जाता जाता, कुठली पेजेस बदलली हे टिपायची गरज डिस्कपुरतीच नसते. चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवताना आधी सगळी मेमरी पाठवतात आणि मग फक्त बदललेली पेजेस पुन्हा-पुन्हा. तिथेही लिहायची परवानगी काढून फॉल्ट पकडण्याची युक्ती चालते. प्रोसेस गोठवून जतन करणाऱ्या साधनांसाठी ३.११ पासून ‘सॉफ्ट डर्टी’ बिट आहे. तुम्हाला त्याचं काम नाही.

चाचणी कशी घ्याल ते महत्त्वाचं. प्रोग्रॅम किल करून ‘नोंदी टिकल्या’ असं म्हणू नका. प्रोसेस मेली तरी पेज कॅश कर्नलची असते, नोंदी टिकणारच. एका ठिकाणी याच चाचणीवर प्रोग्रॅम पास करून हंगामात उतरवला होता. सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) मधलं ‘बी’ सिंक न करता रीबूट करतं, ते बरं. पण त्यात डिस्कचा वीजपुरवठा चालूच राहतो, तिची आतली कॅश शाबूत राहते. स्वस्त एसएसडीत लाइट गेल्यावर कॅश उतरवायला लागणारे कपॅसिटर नसतात. म्हणून खरी वायर उपटा, तीही लिखाण चालू असताना, आणि पावतीचा नंबर व फाइलमधला शेवटचा नंबर जुळवा. हे काट्याच्या मशिनवर नको, तशाच डिस्कच्या दुसऱ्या मशिनवर करा.

क्रम असा ठेवा. एफसिंकच्या दोन ओळी आजच घाला. बाइटच्या मर्यादा रीबूट न करता लागतात, त्या आज रात्रीच्या बॅकअपच्या आधी लावा आणि सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या कायमच्या सेटिंगांच्या, फाइलीतही लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या रीबूटला जातील. पार्टिशनला मात्र पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, हात लावू नका. आणि यूपीएसच्या बॅटरीची मागणी स्टोअरला आत्ताच टाका, ती यायला तेवढे दिवस लागतीलच.